हॉल तिकिटावरचं हळदीचं बोट

हिंगोलीत बसून मी पोरांना एम.बी.ए. आणि एम.सी.ए.च्या प्रवेश परीक्षेचं गणित शिकवलं, हे पुण्यातल्या माझ्या नणंदेला अजून खरं वाटत नाही. "हिंगोलीत कोण देतं गं असल्या परीक्षा?" असं ती दर दिवाळीला विचारते. ज्यांना हिंगोलीतून बाहेर पडायचंय ते सगळे देतात, असं मी दर दिवाळीला सांगते. मग ती चकलीचा तुकडा मोडते आणि विषय बदलते.

आमचं घर हळद मार्केटच्या मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत सतरंज्या, भिंतीला फळा, दारावर 'खिल्लारे मॅडम यांचे गणिताचे वर्ग' अशी पाटी. हळदीच्या हंगामात दारं-खिडक्या लावून घेतल्या तरी फळा पुसायचं फडकं पिवळं व्हायचं आणि पोरं शिंकत शिंकत टक्केवारी करायची. गंमत म्हणजे आमच्या घरात हळद फक्त वरणात. आम्ही बौद्ध माणसं, त्यातून मी गणितात एम.एस्सी.; शकुन-अपशकुन, मुहूर्त, पुडी-अंगारा यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. हे पहिल्यांदाच सांगून ठेवते, कारण पुढं त्याचा संबंध आहे.

आता धंद्याचं सांगते, म्हणजे बाहेरच्यांना कळेल. या परीक्षांमधलं गणित अवघड नसतं. टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, व्याज, थोडं बीजगणित. बरंचसं दहावीतलंच. पण एका गणिताला मिनिटभर वेळ. खाली चार उत्तरं दिलेली, त्यातल्या बरोबर उत्तराचा गोल पेन्सिलीनं काळा करायचा. चुकलं तर मिळालेल्यातला मार्क कापतात. कागद माणूस तपासत नाही, मशीन तपासतं.

आणि आमची पोरं कशी, तर दहावीपासून बी.एस्सी.पर्यंत 'पायऱ्यांना मार्क असतात' हे ऐकत वाढलेली. आधी 'दिलेले आहे', मग 'काढा', मग 'समजा'. चारातली दोन उत्तरं बघताक्षणी खोटी दिसतात, ती आधी खोडा म्हटलं की त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं. "मॅडम, उत्तर आधीच बघायचं? मग गणित कशाला करायचं?" असं एकानं मला कळवळून विचारलं होतं. चांगल्या वळणाची पोरं बिघडवणं, हेच माझं अर्धं काम होतं. आमचे हे टेलिफोन ऑफिसात होते, घरी आले की आधी विचारायचे, "आज किती बिघडवली?"

गिऱ्हाइकं एकेक नमुना. वसमतचा बालाजी हा अडत्याचा मुलगा, वडिलांचा हळदीचा मोठा व्यापार, घरची शेतीही हळदीचीच. मला वाटलं याला याच्याच घरचं गणित द्यावं. शंभर किलो ओली हळद, तिच्यात ऐंशी टक्के पाणी. वाळवल्यावर पाणी दहा टक्केच उरलं, तर वाळलेली हळद किती? वीस किलो मूळ माल, तो आता नव्वद टक्के झाला, म्हणजे बावीस किलोच्या जरा वर. सोपं आहे. बालाजीनं शांतपणे अठराचा गोल काळा केला.

"अठरा कुठून काढलेस रे?"

"मॅडम, उकडताना थोडी जाते. वाळताना माती झडते. मग ड्रममधी घालून पॉलिश करतो, तव्हा साल जाते. अठराच भरते."

"गणितात पॉलिश कुठं दिलंय?"

"बिगर पॉलिशची घेतं कोण मॅडम?"

मी म्हटलं, तुझं खरं आहे, पण मार्क शून्य. तो मनापासून हसला. परीक्षा संपेपर्यंत तो पुस्तकातल्या दुकानदारांवर चिडत राहिला, की अमुक टक्के नफ्यावर धंदा करतात आणि भाडं, हमाली काहीच धरत नाहीत.

तसंच आगगाड्यांचं. दोन गाड्या समोरासमोरून येतात, एकमेकींना किती सेकंदात ओलांडतील? आमच्या स्टेशनावर तेव्हा छोटी लाइन, एकच रूळ. पहिल्या वर्षी एका पोरानं वही मिटून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, ओलांडणार कशा?" पुढं मी फळ्यावर आधी दोन रूळ काढायचे आणि मग गाड्या सोडायचे.

पण सगळ्यात जास्त घाम मला फुटला तो कागदाच्या वरच्या जागेपायी. आपल्याकडं कोऱ्या कागदावर काही लिहायचं म्हणजे आधी वर काहीतरी मांडावं लागतं. बालाजी मधोमध 'श्री' काढायचा, दोन्ही बाजूंना छान दंड देऊन. आमच्या गल्लीतली पोरं 'जय भीम' लिहायची. इरफान नावाचा एक फार हुशार मुलगा होता, तो बारीक अक्षरात सातशे शहाऐंशी मांडायचा. देव वेगळे, माणसं वेगळी, पण जागा सगळ्यांची एकच, आणि उत्तराच्या कागदावर नेमक्या त्याच जागी मशीनसाठी काळ्या खुणा छापलेल्या असत. तिथं काही गिरवलं की मशीन कागद बाहेर फेकणार. मी सांगून थकले. हात ऐकत नाहीत हो, लहानपणापासूनची सवय. शेवटी नियम केला, की सराव परीक्षेत वर काहीही लिहिलं तर सगळा पेपर शून्य. 'जय भीम' लिहिणाऱ्या एकाला शून्य दिलं तेव्हा त्याची आई भांडायला आली, की तुम्ही आपल्या असून असं करता. मी म्हटलं, मशीन आपलं नाही ना.

हे असं सगळं हसतखेळत चालू होतं, तेव्हा रेखा राठोड आली. हिंगोली जिल्हा झाली त्याच्या आसपासची गोष्ट. नरसी नामदेवच्या पलीकडं एक बंजारा तांडा आहे, तिथली. इथल्याच कॉलेजात बी.एस्सी. झालेली, अंगानं काटकुळी, बोलणं थोडं आणि नजर सरळ. बसस्टँडजवळच्या एका संगणक क्लासमध्ये तिनं तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि तिला एम.सी.ए. करायचं होतं. तांड्यावरून रोज एस.टी.नं यायची, उशिरा कधी आली नाही.

तिच्यामागोमाग आठवड्याभरात तिचे वडील आले. लिंबाजी राठोड. डोक्याला पांढरा फेटा, दाढी करून, मुद्दाम चांगला सदरा घालून आलेले. सतरंजीवर बसले आणि थेट मुद्द्याला हात घातला.

"बाई, मी जरा बोलून बसलो."

"काय बोललात?"

"पुसदकडचं एक स्थळ आलं हाय रेखाला. नाईकांनी आणलं. बैठकीत सगळे म्हनले, देऊन टाक, पोरगी शिकली तेवढी बस झाली. मी म्हनलं, एक परीक्षा देऊ द्या. एका झटक्यात पास व्हईल. न्हाई झाली तर उन्हाळ्यात तुमी म्हणाल तिथं लगीन लावून देतो."

"सगळ्यांसमोर?"

"व्हय. नाईकांच्या हातावर हात मारून बोललो. आता मागं सरता येत न्हाई."

"अहो लिंबाजी, शब्द देण्याआधी मला एकदा विचारायचं होतं."

"काहून विचारू? तुमी न्हाई म्हनल्या असत्या."

माणूस अडाणी नव्हता, हे तेव्हाच कळलं. नाईक म्हणजे तांड्याचे प्रमुख; त्यांच्यापुढं दिलेला शब्द म्हणजे काय, हे मला पुढं रेखानं सांगितलं. पोरगी नापास झाली असती तर लग्न टाळणं लिंबाजीच्या हातात राहिलं नसतं. आणि त्या पुसदच्या मुलाला बायको शेतात हवी होती, संगणकापुढं नको होती. थोडक्यात, रेखाला एकच संधी होती आणि ती माझ्या पुढच्या खोलीत येऊन बसली होती.

हुशारीत ती सगळ्यांच्या पुढं. पण एक खोड अशी होती, की तिच्यापुढं बाकीची हुशारी वाया जाईल. गणित हातात घेतलं की उत्तर आल्याशिवाय खाली ठेवायची नाही. हौद भरायचं एखादं वाकडं गणित आलं, की दोन नळ हौद भरताहेत, एक रिकामा करतोय, आणि ही पोरगी त्या हौदाकाठी बसून. मागं अर्धा पेपर पडून. मी ओरडायचे, "अगं टाक ते, पुढं हो." ती मान हलवायची आणि तिथंच. सराव परीक्षा झाल्या की केलेलं सगळं बरोबर आणि शेवटची दोन पानं कोरी.

एकदा मी चिडून विचारलं, "तुला सोडवत का नाही गं?"

"मॅडम, हातातली पात संपल्याबिगर दुसरी कशी धरू?"

शेतात खुरपायला बायका ओळीनं बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला जो पट्टा येतो ती तिची पात. आपली पात अर्धी टाकून कुणी सोप्या पातीवर गेली तर तिचं नाव होतं, की ही कामचुकार. रेखा लहानपणापासून आईच्या शेजारची पात धरत आलेली. कष्टाळू घराचं वळण होतं ते, आणि मी तिला रोज सांगत होते की कामचुकार हो. दोन-अडीच तासांच्या पेपरात कष्टाळूपणा नडतो, हे तिच्या डोक्याला कळायचं, हाताला कळायचं नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत मी तिला एकही गणित टाकायला लावू शकले नाही. ह्यांच्याजवळ मी रडले त्यावरून. हे म्हणाले, एवढी बिघडवलीस, एक चांगली राहू दे. मला काही हसू आलं नाही.

परीक्षेचं केंद्र नांदेडला. मी दरवर्षी पोरांबरोबर जायची, पेन्सिली, खोडरबर, पोळ्यांचा डबा घेऊन. सकाळची पहिली एस.टी. हिंगोली डेपोतून निघायच्या आधी सगळ्यांची हॉल तिकिटं मी स्वतः बघायची. त्या दिवशी रेखाची तांड्यावरची गाडी उशिरा आली. आमची बस हलली, तेव्हा ती धावत येऊन चढली, आणि तिचं हॉल तिकीट बघायचं राहून गेलं. पिशवी उराशी धरून खिडकीजवळ बसली. वसमतला बालाजी चढला आणि त्यानं सगळ्यांना चिवडा वाटला, तरी हिनं हात पुढं केला नाही. मला वाटलं, पोरगी घाबरली. घाबरलीच होती, पण कशाला ते मला नांदेडच्या फाटकात कळलं.

फाटकावर एक चष्म्याचे सर हॉल तिकिटं बघून एकेकाला आत सोडत होते. रेखाचा नंबर आला. तिनं घडी उघडली. सरांनी कागद जवळ धरला, लांब धरला, मग चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं.

"हा फोटो कुणाचा?"

"माझा, सर."

"ही तर नवरी दिसते. हळदीतून उठून आलीस काय?"

रांगेतली पोरं हसली. मी पुढं होऊन पाहिलं. पासपोर्ट फोटो तो केवढा, आणि त्याच्यावर बरोबर मधोमध ओल्या हळदीचं जाडजूड बोट. कपाळ, नाक, तोंड, सगळं पिवळंधम्मक. नुसते दोन कान दिसत होते. लोकांना त्यात विनोद दिसला. मला ते पुसदचं स्थळ माहीत होतं, त्यामुळं मला त्यात उन्हाळ्यातलं लग्न दिसलं.

तेवढ्यात आमचा बालाजी मदतीला धावला. "मॅडम, हळदीचं काम आपलंय," म्हणाला. आईनं हात धुवायला दिलेली साबणाची वडी त्याच्या पिशवीत होती. मी हां हां म्हणेपर्यंत त्यानं ओल्या रुमालाला साबण लावून फोटोवरून फिरवलादेखील. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आपल्याकडच्या कोणत्याही बाईला कपडे धुताना कळतं. बालाजीनं जन्मभर हळद पाहिली होती, पण त्याचे कपडे आईनं धुतले होते. रेखाचं तोंड पिवळ्याचं लालभडक झालं.

सर म्हणाले, "झालं. आता कुंकूपण लागलं."

त्यांनी रेखाला बाजूला उभं केलं आणि बाकीच्यांना आत सोडलं. बालाजी मागं बघत बघत गेला. मी सरांना म्हटलं, "अहो सर, हॉलमधल्या हजेरीपटावर हिचाच दुसरा फोटो चिकटवलेला असणार. तो बघा आणि सोडा." दरवर्षी जाऊन जाऊन मला ही माहिती झाली होती. सर म्हणाले, हजेरीपट हॉलमध्ये गेले, आता ते आणता येत नाहीत. मी म्हटलं, शिपाई पाठवा. ते म्हणाले, नियमात नाही. मी नियम विचारला. त्यांनी मला, तुम्ही कोण, असं विचारलं. घंटा झाली, फाटक लागलं, आत पेपर सुरू झाला आणि आमचं भांडण बाहेर तसंच चालू राहिलं. रेखा खाली बघत उभी. तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं, हे मला जास्त लागलं.

शेवटी दमून सरांनी तिलाच विचारलं, "लावली कुणी ही हळद?"

"आईनं."

"अगं, पण फोटोवर काहून? कोपऱ्यात लावायची. लग्नाच्या पत्रिकेला लावत नाहीत का कोपऱ्यात?"

रेखा म्हणाली, "तिला वाचता येत न्हाई, सर. त्या सगळ्या कागदावर तिला माझं तोंडच ओळखू आलं. म्हणून तिथं लावली."

सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला. मग कागद घेऊन स्वतःच आत गेले. पळाले असते तर बरं झालं असतं, पण चालत गेले. हजेरीपट घेऊन परत आले, फोटो जुळवला, तिची सही घेतली आणि फाटक उघडलं. "जा बाळ," म्हणाले. तोवर पेपराचा पाव वेळ संपला होता.

मी समोरच्या लिंबाखाली डबा मांडीवर घेऊन बसले. मला दुसरं काही येत नाही, म्हणून हिशेब मांडत बसले. पूर्ण वेळ असताना तिची दोन पानं कोरी राहायची. आता चार राहणार. एखादा हौद मध्ये आला तर पाच. कसंही मांडलं तरी उत्तर एकच येत होतं, की उन्हाळ्यात लग्न. मला त्या आईचा असा राग आला म्हणता. तिला मी तोवर पाहिलंही नव्हतं. आम्ही सहा महिने रक्त आटवायचं आणि बाईनं एका बोटानं सगळं पुसून टाकायचं. आमच्या घरात हळद फक्त वरणात असते, हे मी त्या लिंबाला मनातल्या मनात कितीदा तरी सांगितलं.

पेपर सुटला. आधी बालाजी आला, तोंड पाडून. साबणाबद्दल माफी मागत होता. त्याच्यामागून रेखा आली. केस विस्कटलेले, बोटं पेन्सिलीनं काळी, आणि चेहऱ्यावर काहीतरी चोरून आणल्यासारखा भाव.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "आज लई पाती टाकून पळाले मी."

"म्हणजे?"

"वेळच नव्हता. जे बघताबरोबर आलं ते केलं. न्हाई आलं ते तिथंच टाकलं, मागं पाहिलं न्हाई. शेवटच्या पानापर्यंत पोचले. पण मनाला बराबर वाटून न्हाई राहिलं."

"हौदाचं आलं होतं?"

"आलं होतं. हात बी लावला न्हाई."

मी तिला तिथं रस्त्यावर मिठी मारली. डबा खाली पडला, पोळ्या मातीत गेल्या. बालाजीला काही कळलं नाही, तो पोळ्या गोळा करत राहिला.

निकालात आमच्या वर्गात सगळ्यात वर तिचं नाव होतं. औरंगाबादच्या कॉलेजात नंबर लागला. बालाजीचा कुठंच लागला नाही. तो वडिलांच्या अडतीवर बसला आणि आता त्याच्या दारात दोन गाड्या आहेत; भेटला की माझ्या पाया पडतो आणि म्हणतो, मॅडम, अठराच भरते.

लिंबाजी बायकोला घेऊन पेढे द्यायला आले. जमनाबाई ठेंगणी, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावरचा पदर नीट करत बसलेली. तिनं घरच्या हळदीची पुडी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "बाई, माझ्या बोटाचा गुण बघा."

मी म्हटलं, "जमनाबाई, रागावू नका, पण तुमच्या बोटानं पोरीची परीक्षा बुडत होती. उशीर झाला म्हणून ती वाचली. वेळ कमी पडला म्हणून तिनं अवघड गणितं टाकली. म्हणून पास झाली."

"म्हंजी उशीर झाला म्हणून पास झाली?"

"हो."

"मग उशीर कशानं झाला?"

आतल्या खोलीतून ह्यांच्या हसण्याचा आवाज आला. लिंबाजी बिचारे मान खाली घालून पेढ्याचा कागद सरळ करत बसले होते. सहा महिने मी ओरडून ओरडून जे शिकवू शकले नाही, ते या बाईनं एका बोटानं करून दाखवलं होतं. मी त्यात चूक शोधली, बरीच शोधली. अजून सापडलेली नाही.

त्यानंतर परीक्षेआधीच्या शेवटच्या तासाला मी फळ्यावर हॉल तिकिटाचा चौकोन काढायला लागले. हे फोटोचं, हे सहीचं. आणि मागच्या बाजूला खाली कोपऱ्यात एक छोटा गोल. हळद लावायची असेल त्यांनी घरी सांगा, इथं. 'श्री', 'जय भीम', सातशे शहाऐंशी, ज्याला जे मांडायचं ते कच्च्या कामाच्या पानावर मांडा, तिथं मशीन बघत नाही. पोरं खुश झाली. मी बदलले असं कुणी समजू नये. मी गणिताची बाई आहे. माणसं थांबणार नाहीत हे एकदा कळल्यावर त्यांना जागा करून देणं बरं, एवढाच हिशेब मी केला.

आता वर्ग बंद केलेत. पोरं लातूर-औरंगाबादच्या मोठ्या क्लासेसना जायला लागली, आणि माझा घसाही बसला. पाटी अजून दारावर आहे, ती काढायला ह्यांना वेळ मिळत नाही. एक गोष्ट मात्र सलते, ती सांगून टाकते. माझ्याकडून पास झालेलं एकही पोर हिंगोलीत राहिलं नाही. इरफान दूर कुठं बंगलोरला. आमच्या गल्लीतली मुंबई, हैदराबाद. नापास झाले तेवढेच इथं आहेत आणि बाजारात तेच मला हात देऊन रस्ता ओलांडून देतात. कधी कधी वाटतं, मी आयुष्यभर गावातली चांगली पोरं वेचून वेचून बसमध्ये बसवून दिली. नणंद विचारते ना, हिंगोलीत कोण देतं असल्या परीक्षा, तेव्हा हे मनात येतं, पण तिला सांगत नाही.

रेखा पुण्याला एका कंपनीत लागली. पाच-सहा वर्षांनी तिनं तिच्याच ऑफिसातला एक मुलगा पसंत केला, त्यांच्याच समाजातला, यवतमाळकडचा. लग्न तांड्यावर होतं आणि लिंबाजी स्वतः मला घ्यायला आले. हळदीच्या दिवशीच चला म्हणाले. ज्या नाईकांना शब्द दिला होता तेच दारात उभं राहून माणसांना पाणी देत होते.

मांडवात रेखाला पाटावर बसवलं होतं. बायका गाणी म्हणत हळद लावत होत्या, हातानं, बोटांनी, अगदी भरभरून. कपाळ, नाक, तोंड, सगळं पिवळं. कान तेवढे दिसत होते. मी समोर गेले आणि जागीच थांबले, कारण हे तोंड मी आधी पाहिलेलं होतं, बोटाएवढ्या फोटोत.

तिनं मला पाहिलं. पिवळ्या तोंडातून दात चमकले.

"मॅडम, एक फोटो काढून ठेवा," ती म्हणाली. "पुढची परीक्षा याच तोंडानं द्यायची हाय."

मी म्हटलं, "अडकलीस तर काय करायचं, लक्षात आहे ना?"

"हाय की. पण ही पात टाकून पळणार न्हाई मी."

मग ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले, आणि माझेही. एवढ्यात जमनाबाई परात घेऊन आली. माझ्याकडं पाहून थांबली. तिला आमच्या घरचं माहीत होतं. तिनं बोट हळदीत बुडवलं आणि तसंच वर धरून विचारलं, "बाई, कुठं लावू?"

मी उजवा हात पुढं केला, खडू धरायचा तो. पालथा करून म्हटलं, "मागच्या बाजूला. कोपऱ्यात."

संध्याकाळी घरी आले. हे दारातच बसले होते, त्यांनी हाताकडं पाहिलं. मी मोरीवर गेले, साबण उचलला, आणि परत होता तिथं ठेवून दिला.